गुऱ्हाळाच्या चुलाणाची जाळी : निवड आणि निगा

(गुऱ्हाळचालक शेतकरी, ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पुसद, महागाव आणि उमरखेड या तालुक्यांत, पूस व पैनगंगा या नद्यांच्या पाण्यावर उसाचाही एक पट्टा आहे. पूस धरण आणि पैनगंगेवरील इसापूर धरण यांमुळे या पट्ट्याला ओलिताचा आधार मिळाला. उमरखेड तालुक्यात पोफाळी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच उसाच्या भरवशावर. ज्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्याकडे जात नाही, किंवा वेळेवर जात नाही, त्याच्यासाठी गुऱ्हाळ हा आजही हक्काचा मार्ग आहे.

गुऱ्हाळाविषयी बोलताना उसाची जात, रसाचा गोडवा, भेंडीचे पाणी, चुन्याचे प्रमाण, गुळव्याचे कसब या साऱ्यांची चर्चा होते. जिच्यावर सारी आच पेलली जाते त्या चुलाणाच्या जाळीची चर्चा मात्र क्वचितच होते. हंगामाच्या आरंभी भंगारातून आणलेल्या चार सळया टाकायच्या, त्या वाकल्या की आणखी चार टाकायच्या, असा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता आहे. या शिरस्त्याची किंमत किती पडते आणि तो बदलायचा तर काय करावे लागेल, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

जाळी कोसळते तेव्हा

काहिलीत रस तासाभरापासून उकळत आहे, मळी काढून झाली आहे, रसाला रंग येऊ लागला आहे, आणि नेमक्या त्या वेळी जाळीचे दोन गज वाकून निखाऱ्यांसह खालच्या खड्ड्यात पडतात, अशी कल्पना करावी. आच एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होते. जळण टाकावे तर ते न जळताच खाली घसरते. जे आदण अडीच-तीन तासांत उतरावयाचे, ते चार-पाच तास रेंगाळते. रस जितका अधिक वेळ मंद आचेवर राहील तितकी त्यातील साखर अधिक फुटते, गूळ काळपट होतो आणि ढेप नीट बसत नाही. बाजारात गुळाचा भाव प्रथम रंगावर ठरतो, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको.

तेवढ्याने भागत नाही. चुलाण निवल्याशिवाय जाळीला हात लावता येत नाही. तोवर दुसऱ्या आदणाचा काढून ठेवलेला रस आंबू लागतो आणि फडातून तोडून आणलेला ऊस वाळत पडतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा असा नियम आहे. तो पाळला गेला नाही तर उताराही घटतो आणि प्रतही. आणि उतावीळपणे तापलेल्या चुलाणात पहार घालून गज उचलू पाहणारा मजूर आपले हातपाय भाजून घेण्याचा धोका पत्करतो, हे नुकसान तर रुपयांत मोजताच येत नाही.

जाळीचे काम कोणते ?

जुन्या पद्धतीच्या कित्येक चुलाणांत जाळी नसे. जमिनीत खोल खड्डा, वर काहील, आणि तोंडातून आत फेकलेले जळण राखेच्या ढिगावरच जळत असे. अशा चुलाणात वारा जळणाच्या वरून जातो, पोटात शिरत नाही. परिणामी धूर अधिक, आच कमी आणि जळणाची उधळपट्टी. जाळीमुळे जळण अधांतरी राहते, राख खाली गळते आणि त्याच वाटेने ताजी हवा वर चढून निखाऱ्यांना भिडते. म्हणजे जाळी ही केवळ जळणाची खाट नव्हे. ती एकाच वेळी राखेची चाळण आणि हवेची वाट आहे.

रसाच्या वजनाचा हिशेब केला तर या हवेचे महत्त्व ध्यानात येते. १,००० किलो रसात १८ टक्के घन अंश धरला, तर त्यापासून सुमारे २०० किलो गूळ होतो आणि जवळजवळ ८०० किलो पाणी वाफ करून उडवावे लागते. शेवटच्या टप्प्यात रसाचे तापमान ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्या वेळी आच झटकन कमी करता आली पाहिजे, नाही तर काहील करपते. आरंभी भडका आणि शेवटी संयम, हे दोन्ही साधावयाचे तर हवा आणि जळण दोन्ही हाताशी असावे लागतात. मोडक्या जाळीवर त्यांतील एकही हाताशी राहत नाही.

अशीच अडचण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात हिवाळा सरताना मेपल वृक्षाचा रस गोळा करून लाकडाच्या आचेवर आटवतात. त्या रसात साखर साधारण २ टक्केच असते, त्यामुळे १ लिटर पाक मिळविण्यास सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. आज तेथील मोठे उत्पादक तेल वा विजेवर चालणारी साधने वापरतात; परंतु लाकडाची भट्टी राखून असलेल्या छोट्या शेतकऱ्यांना आपल्या गुऱ्हाळवाल्यांसारखाच प्रश्न पडतो, की हंगाम संपेपर्यंत टिकेल अशी जाळी कोणती. दोन्हीकडचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

जाळी जळते कशाने ?

पुष्कळांची समजूत अशी असते की वरच्या आगीमुळे जाळी जळते. हे अर्धेच खरे आहे. निखाऱ्यांचा थर १,००० अंशांच्या आसपास तापलेला असला, तरी खालून सतत वर चढणारी थंड हवा गजांना निववीत असते. हवा वाहती आहे तोवर गज त्या निखाऱ्यांच्या मानाने पुष्कळच कमी तापतात. परंतु खालचा खड्डा राखेने भरत भरत जाळीपर्यंत पोहोचला, की दोन गोष्टी एकदम घडतात. हवेची वाट बुजते आणि राखेतील धगधगते निखारे गजांना खालूनही भाजू लागतात. वर निखारे, खाली निखारे आणि मध्ये लोखंड, अशा स्थितीत कोणतीही स्वस्त धातू फार काळ टिकत नाही.

यवतमाळकरांना याचे एक जुने उदाहरण परिचित आहे. यवतमाळ आणि मूर्तिजापूर यांना जोडणाऱ्या शकुंतला या अरुंद मार्गाच्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेल्या त्या इंजिनाने सत्तर वर्षांहून अधिक काळ गाडी ओढली. वाफेच्या कोणत्याही इंजिनाच्या अग्निपेटीत जाळी असते आणि जाळीखाली राखेचे तसराळे. तसराळ्यात राख साचू न देणे आणि जाळीवर जमलेले खंगर फोडून काढणे हे इंजिनावरील कामगारांचे नित्याचे कर्तव्य असे. ते चुकले की वाफ पडे आणि जाळी जळून जाई. गुऱ्हाळात मात्र राख काढण्याचे काम ठरावीक माणसाचे नसल्यामुळे ते कोणाचेच राहत नाही.

म्हणून टिकाऊ जाळीची निवड दुकानात सुरू होत नाही. ती राखेच्या खड्ड्यापासून सुरू होते. खड्डा पुरेसा खोल हवा, बाहेरून फावड्याने राख ओढता येईल असे त्याला स्वतंत्र तोंड हवे, आणि प्रत्येक आदणानंतर राख काढण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे हवे. ही तीन कामे झालेली नसतील तर महागातली महाग जाळीही वाया जाईल. ती झालेली असतील, तर मध्यम प्रतीची जाळीही अनेक हंगाम निभावून नेईल.

कोणती धातू कशासाठी ?

बाजारात मिळणाऱ्या साहित्याचे गुणदोष आता क्रमाने पाहू.

पहिले साधे पोलाद, म्हणजे बांधकामाच्या सळया, पट्ट्या किंवा कोन. ते कोठेही मिळते, गावातला वेल्डर ते कापून जोडून देतो, आणि फेकलेल्या ओंडक्याच्या दणक्याने ते तडकत नाही. परंतु ६०० अंशांच्या सुमारास त्याची ताकद निम्म्याहूनही कमी होते आणि ते स्वतःच्या व जळणाच्या भाराने वाकू लागते. शिवाय त्या उष्णतेत त्याच्या पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात आणि गज हंगामागणिक बारीक होत जातो. बारीक सळई तर लवकरच कमान धरते. पोलादच वापरावयाचे असेल तर जाड चौकोनी गज उभ्या बाजूवर बसवावेत आणि मध्ये आधार द्यावा.

दुसरे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. बिडात ३ टक्क्यांहून अधिक कार्बन असतो. तो बहुतांशी ग्राफाइटच्या रूपाने असल्यामुळे बीड तापले तरी पोलादासारखे चटकन वाकत नाही आणि त्याचे पापुद्रेही हळू सुटतात. जुन्या काळापासून बंब, शेगड्या आणि बॉयलर यांच्या जाळ्या बिडाच्या का, याचे उत्तर येथे आहे. बिडाचे दोष दोन. ते ठिसूळ असल्याने जोराच्या आघाताने किंवा तापलेले असताना पाणी पडल्याने तडकते. आणि ते वारंवार ५५० अंशांच्या पुढे तापत राहिले तर आतून फुगते, त्याचा आकार वाढतो आणि शेवटी ते भुसभुशीत होते. थोडे क्रोमियम मिसळलेले उष्णतारोधक बीड हा फुगवटा बऱ्याच प्रमाणात रोखते. ओतशाळेला मागणी देताना हे स्पष्ट शब्दांत सांगावे. करड्या बिडाच्या ओतीव मालासाठी आयएस २१० हे भारतीय मानक आहे; बिलावर मालाचा प्रकार लिहून घेण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरे स्टेनलेस पोलाद. यात जाती अनेक आहेत. ३०४ या जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ३१० या जातीत सुमारे २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल. पहिली जात ८५० अंशांपर्यंत बऱ्यापैकी तग धरते, दुसरी १,००० अंशांच्या पुढेही. परंतु ३१० ची किंमत लहान गुऱ्हाळाच्या आवाक्याबाहेर जाते, आणि ३०४ च्या नावाखाली कमी निकेलचा हलका माल गळ्यात पडण्याची भीती असते. चुंबक चिकटत नाही म्हणून माल उत्तम, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे; कारण कमी निकेलच्या कित्येक जातींनाही चुंबक चिकटत नाही. विश्वासू विक्रेता आणि मालाचे लेखी प्रमाणपत्र यांशिवाय या खरेदीत पडू नये.

चौथे अग्निरोधक विटा. जेथे मुख्य जळण उसाचे चिपाड आहे, तेथे विटा कडेवर उभ्या करून मध्ये फटी ठेवलेली जाळी चांगले काम देते. वीट वाकत नाही आणि तिचे पापुद्रेही सुटत नाहीत. मात्र पहारेचा घाव तिला सोसत नाही, आणि राख वितळून विटेला चिकटली की ती खरवडताना विटेचाही कपचा निघतो. साधी भाजलेली वीट या कामाला चालत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

काही वस्तू मात्र चुलाणात कदापि घालू नयेत. जस्ताचा मुलामा दिलेले पाण्याचे नळ तापले की त्यांतून निघणारी जस्ताची वाफ कामगारांना ज्वर आणते. दोन्ही टोके बंद असलेला नळ आत ओलावा राहिल्यास फुटू शकतो. रेल्वेच्या रुळाचे तुकडे मजबूत असतात खरे. परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, म्हणून पावतीखेरीज असा तुकडा घेऊ नये.

घडण आणि बसवणूक

एक अखंड वेल्ड केलेली जाळी दिसायला भक्कम दिसते, पण तिचे आयुष्य कमी असते. कारण सोपे आहे. १ मीटर लांबीचा साध्या पोलादाचा गज ६०० अंशांनी तापला तर सुमारे ८ मिलिमीटरने लांबतो, स्टेनलेसचा सुमारे ११ मिलिमीटरने. त्याची दोन्ही टोके भिंतीत चिणलेली असतील तर त्याला लांबण्यास जागा नसते. मग तो एक तर वाकतो, नाही तर चुलाणाची भिंत ढकलतो. म्हणून गज सुटे असावेत, आडव्या आधारांवर नुसते टेकवलेले असावेत, आणि एका टोकाला प्रसरणासाठी बोटभर जागा मोकळी सोडावी. बिडाच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच हवी, कारण ते वाकत नाही, तुटते.

गजाचा आकार वर रुंद आणि खाली निमुळता असावा. त्यामुळे फटीत शिरलेली राख अडकत नाही, खाली गळून पडते. गजाची उंची रुंदीपेक्षा जास्त असली की त्याला भार पेलण्याची शक्तीही मिळते आणि खालून येणाऱ्या हवेशी त्याचा अधिक पृष्ठभाग भिडून तो निवतो. दोन गजांतील फट साधारण १२ ते १५ मिलिमीटर, म्हणजे एका बोटाच्या रुंदीएवढी ठेवावी. त्याहून मोठी फट अर्धवट जळालेले चिपाड गिळते, लहान फट राखेने बुजते. लांब चुलाणात एकच लांबलचक गज घालण्याऐवजी आखूड गजांच्या दोन रांगा आणि मध्ये एक आधार, ही रचना अधिक टिकते.

सुट्या गजांचा सर्वांत मोठा लाभ हा, की जो गज जळाला तेवढाच बदलता येतो. नांगराचा फाळ झिजला म्हणून कोणी नांगर टाकून देत नाही. जाळीचीही तीच रीत असावयास हवी.

जळण बदलले की जाळीचे दुखणे बदलते

वाळलेले चिपाड भडकन पेटते आणि त्याची राख हलकी असते. लाकूड आणि पऱ्हाट्या यांचे निखारे मात्र जड असून बराच वेळ जाळीवर बसून राहतात. म्हणून त्यांच्यासाठी जाड गज हवेत. पाचट आणि इतर पिकांच्या अवशेषांत सिलिका व पोटॅश यांचे प्रमाण लक्षणीय असते. त्यांची राख कमी उष्णतेतही मऊ होऊन चिकटते आणि तिचे खंगर बनून फटी बुजतात. अशा जळणाबरोबर आकडीने जाळी वरचेवर खरवडणे अपरिहार्य ठरते.

या जिल्ह्यात कापसाचे क्षेत्र मोठे असल्याने पऱ्हाट्या मुबलक आहेत. गुलाबी बोंडअळीचा २०१७ मध्ये विदर्भात झालेला प्रादुर्भाव सर्वांच्या स्मरणात आहे. हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटाव्यात आणि त्या बांधावर वा घराशेजारी रचून ठेवू नयेत, कारण त्यांवरील किडक्या बोंडांत अळी दडून राहते, असा सल्ला कृषी खात्यातर्फे दिला जातो. गुऱ्हाळाच्या हंगामात त्या लगोलग जळणात गेल्या तर शेताचेही हित साधते. मात्र गुऱ्हाळाच्या आवारात महिनोन्महिने त्यांच्या गंजी रचणे म्हणजे किडीला आसरा देणे होय.

टायर, प्लॅस्टिक आणि जुनी पादत्राणे जाळण्याचा मोह काही ठिकाणी दिसून येतो. टायरमधील गंधक लोखंड खाते आणि त्यातील तारा जाळीच्या फटींत गुंततात. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या चुलाणावर लोकांच्या मुखी जाणारे अन्न शिजते आणि ज्याच्या तोंडाशी माणूस दिवसभर उभा असतो, तेथे असला विषारी धूर काढणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

जळणाच्या बचतीचा प्रश्न थेट वनांशी निगडित आहे. उमरखेड तालुक्यातच पैनगंगा अभयारण्य आहे. वास्तविक नीट बांधलेले गुऱ्हाळ स्वतःच्या वाळलेल्या चिपाडावर चालू शकते. जे चालत नाही, त्याची तूट कोणत्या तरी झाडाने भरून काढलेली असते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चार काहिलींच्या भट्टीचे मोजमाप केले. धुरातील प्राणवायूच्या प्रमाणावर लक्ष ठेवून जळण बेताबेताने टाकले असता, १ किलो गुळामागे लागणारे चिपाड २.३९ किलोवरून १.७३ किलोवर आले. भट्टी तीच, माणसेही तीच, फरक पडला तो केवळ हवा आणि जळण यांचा मेळ घातल्याने. हा मेळ ज्या जागी घातला जातो ती जागा म्हणजे जाळी.

स्वस्त काय आणि महाग काय ?

केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडून पाहावा. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गुऱ्हाळाने आपापले घालावेत. समजा, सळईची जाळी ५,००० रुपयांना पडते आणि एक हंगाम टिकते. त्या हंगामात ती एकदाच मध्येच कोसळली. २०० किलोंच्या एका आदणाचा भाव निम्मा आला, म्हणजे ४० रुपये किलोप्रमाणे ४,००० रुपयांचा तोटा. दहा मजुरांचा एक दिवस ४०० रुपयांप्रमाणे फुकट गेला, ते आणखी ४,०००. एकूण वर्षाचा खर्च १३,००० रुपये. याउलट बिडाच्या सुट्या गजांची जाळी १५,००० रुपयांना पडली आणि राख वेळच्या वेळी काढल्याने चार हंगाम टिकली, तर वर्षाला ३,७५० रुपये. दोन-तीन जादा गजांची किंमत धरली तरी ती पहिलीच्या निम्म्यातही येत नाही. विकत घेताना जी स्वस्त वाटते ती वापरताना महाग पडते, ती अशी.

पंचायत, शाळा आणि अधिकारी यांचे साहाय्य

एकट्या गुऱ्हाळवाल्याला ओतशाळेतून पंधरा-वीस गज ओतून घेणे अवघड जाते. कारण लाकडी नमुना करण्याचा खर्च थोड्या मालावर पडतो. गावातील किंवा शिवारातील पाच-सहा गुऱ्हाळांनी चुलाणाची रुंदी सारखी ठेवून गजाची एकच लांबी ठरवली, तर एकच नमुना साऱ्यांना पुरतो, मागणी एकत्र देता येते आणि दहा जादा गज गावातच राखून ठेवता येतात. कोणाचा गज रात्री तुटला तर सकाळी तो मिळतो. यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायत सदस्याने एक बैठक बोलावली तरी पुरे.

शिक्षकांना या विषयात विज्ञानाचा एक जिवंत पाठ सापडेल. हंगामाआधी एका नव्या गजाची लांबी, जाडी आणि वजन विद्यार्थ्यांनी नोंदवावे, आणि हंगामानंतर थंड झालेल्या त्याच गजाचे माप पुन्हा घ्यावे. प्रसरण, गंजणे, पापुद्रे सुटणे या गोष्टी पुस्तकातून उतरून त्यांच्या हातात येतील. बीड आणि पोलाद ओळखण्याची लोहाराची रीतही त्यांना दाखविता येते. हातोडीने हळूच ठोकले असता पोलाद खणखणते, बीड बद्द वाजते. पेटत्या चुलाणाजवळ मात्र मुलांना नेऊ नये.

कृषी आणि ग्रामविकास खात्यांतील अधिकाऱ्यांनी गुऱ्हाळास भेट देताना काहिलीबरोबर राखेच्या खड्ड्यातही डोकावून पाहावे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, कोल्हापूरचे ऊस व गूळ संशोधन केंद्र आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्याकडील ज्ञान गुऱ्हाळाच्या ओट्यापर्यंत पोहोचविण्याचे काम त्यांनाच करावयाचे आहे.

उमरखेड-पुसदच्या शिवारात हंगामाचे पहिले आदण चढेल, तेव्हा काहिलीची पूजा होईल, नारळ फुटेल. त्याआधी घटकाभर वेळ काढून तीन गोष्टी तपासाव्यात : राखेचा खड्डा रिकामा आहे काय, गजांना लांबण्यास जागा आहे काय, आणि राख काढण्याचे काम कोणाच्या नावावर आहे. या तिन्हींची उत्तरे ठीक मिळाली तरच नव्या जाळीवर पैसे खर्च करावेत.